शुक्रवारची सवाष्ण

अंगणात पांढरी गाडी उभी दिसली. आमच्याकडे असल्या उंच गाडीतून येणारं कुणी नाही. आमचे पाहुणे मोटरसायकलवरून येतात, नाहीतर टमटममधून उतरून रस्त्यापासूनच हाका मारत येतात. मी पॉलिहाउसमधून घरी येत होते. तिथं मी गुलाबं निवडून त्यांच्या जुड्या बांधते. दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते, तरी गाडी बघून मी पळतच सुटले.

दारात माझ्या सासूबाई उभ्या होत्या. त्यांचं नाव शालूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. श्रावणातला शुक्रवार होता. त्या दिवशी आमच्याकडे लेकरांच्या आयुष्यासाठी जिवतीची पूजा करतात आणि एका सवाष्णीला दूध-फुटाणे देऊन तिची ओटी भरतात. आमची ठरलेली शेजारीण नेमकी माहेरी गेली होती, म्हणून आत्याबाई सकाळपासून सवाष्ण शोधत होत्या. आता त्यांना ती मिळाली होती. चांगली उंचपुरी, सुती साडीतली शहरी बाई, कपाळावर ताजं कुंकू, पदरात नारळ आणि खण. माझी आठवीतली लेक सृष्टी त्या बाईच्याच फोनवर दोघींचा फोटो काढत होती.

"आजी, जरा हसा ना," ती बाई म्हणाली, आणि आत्याबाई हसल्या.

मी त्या बाईला ओळखलं. माझ्या नवऱ्याला, सत्यमला, गाडीनं उडवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मला पोलीस चौकीत दिसली होती. आपल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ती बाकावर बसली होती.

मी फाटकातून आत येते तोच ती "येते हं, आजी" म्हणून गाडीत जाऊन बसली. स्टिअरिंगवर तोच मुलगा होता, श्रीयश. एका हातात फोन, मान खाली. त्यानं गाडी तशीच मागे घेतली. मागे तुळशीच्या कट्ट्याला सृष्टीची शाळेची सायकल टेकवलेली होती, आणि ती बाजूला घ्यायला सृष्टी नेमकी तिकडेच धावली.

मी काय ओरडले मला आठवत नाही. गाडीच्या पाठीवर दोन्ही हातांनी बडवलं एवढं आठवतं. गाडी थांबली तेव्हा सायकल आडवी झाली होती आणि सृष्टी उडी मारून कट्ट्यावर चढली होती. पोरीला खरचटलंही नव्हतं.

काच खाली झाली. "सॉरी काकू, दिसलंच नाही."

"न्हाईच दिसत तुला," मी म्हटलं. "त्या दिवशी बी दिसलं नसंल."

त्याचं तोंड उतरलं. त्याची आई माझ्याकडे बघत होती. मी ओळखलंय हे तिला कळलं होतं. पदरातला नारळ तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. "चल," ती मुलाला हळूच म्हणाली, आणि ते गेले.

"कोन व्हती ती, आत्याबाई?"

"रजनी म्हून हाय. हास्पिटलात आलती म्हनं, तवा सत्यमला बगितलं. लय मायाळू हाय गं. म्हनली, मला बी येकच ल्योक, जिवाला घोर लागतो. म्या म्हनलं, देवीनंच धाडली. वटी भरताना तर डोळ्यात पानी आलं बग तिच्या."

"यील न्हाई तर काय! आपल्या मानसाला ज्यानं उडवलं त्याची आई हाय ती."

आत्याबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या. त्यांच्या बोटांना अजून हळद होती. आतून, खाटेवरून, सत्यम विचारत होता, "काय झालं? कोन वरडलं?"

बाई हॉस्पिटलात आली होती हे खोटं नव्हतं. तिनं सोयीचं तेवढं खरं सांगितलं आणि बाकीचं गिळलं.

ती आषाढातली रविवारची सकाळ होती. सत्यम आंबीला एका कारखान्यात कामाला आहे. रात्रपाळी संपली की कंपनीची बस त्याला कामशेतला सोडते आणि तिथून पवनेच्या रस्त्यानं तो सायकलवर घरी येतो. अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, सायकलच्या मागे लुकलुकणारा तांबडा दिवा. एवढं सगळं असून मागून गाडी आली आणि त्याला उचलून भातखाचरात फेकलं. मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली, आणि तेव्हापासून माझा माणूस खाटेवर आहे. रस्त्यावर कुणी जोरात ब्रेक मारला की झोपेतसुद्धा खाटेची कड धरतो.

गावात जो तो म्हणाला, नशीब. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते हा शब्द ऐकला की. अंगावर वीज पडली तर त्याला नशीब म्हणा. फोन बघत गाडी हाकणाऱ्याला कशाला नशीब म्हणायचं? काहींनी तर मला शहाणपणही शिकवलं, की एवढ्या झुंजुमुंजूला सायकलवाल्यानं मोठ्या रस्त्यावर यावंच कशाला. मग काय त्यानं उडत घरी यायचं?

गाडी कोण चालवत होतं हे येसूबाईनं पाहिलं. वळणावर ताडपत्रीच्या पालात ती कणसं भाजून विकते. रविवारी धरणाकडे जाणाऱ्यांची झुंबड असते, म्हणून ती सकाळीच शेगडी पेटवत होती. गाडी पोरगा चालवत होता, आणि त्यांचा ड्रायव्हर विक्की शेजारी बसला होता. धडक बसल्यावर दोघं खाली उतरले, आणि विक्की जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसला. येसूबाई त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. ती रस्त्यात आडवी उभी राहिली, भाजीचा टेम्पो थांबवला आणि सत्यमचं डोकं मांडीवर घेऊन थेट तळेगावच्या हॉस्पिटलपर्यंत आली. तिच्या लुगड्याला रक्त लागलं होतं ते मी पाहिलंय. त्यामुळे पोलीस जागेवर आले तेव्हा ती तिथं नव्हती. विक्कीनं "गाडी मीच चालवत होतो" म्हणून सांगितलं आणि गुन्हा त्याच्या नावावर दाखल झाला. नोकरीसाठी दुसऱ्याचं पाप अंगावर घेणाऱ्याला काय म्हणावं? मी त्याला गाढव म्हणते, आणि म्हणताना कीवही येते.

तेव्हापासून श्रीयश मोकळा. शिकाऊ लायसन्सवर, त्याच रस्त्यानं, दर शनिवार-रविवारी धरणाकडे गाडी हाकतो. आणि त्याच रस्त्यानं माझी सृष्टी सायकलवरून कामशेतला शाळेत जाते. मी तिला पिवळं जाकीट आणलंय. पोरी हसतात म्हणून ती कुरकुरते, वळणापर्यंत घालते आणि पुढं जाऊन काढून दप्तरात कोंबते, हेही मला ठाऊक आहे. रोज सकाळी मी बांधावर उभी राहते. ती वळणाआड गेली की मागून एखादी गाडी जाते. मग मी कान देऊन ऐकत राहते. काही ऐकू आलं नाही म्हणजे तो दिवस बरा, असं माझं सध्या चाललंय.

शनिवारी सकाळी मी वडगावच्या प्रेरणाताईंना फोन लावला. त्या आमच्या वकील. त्यांना ओटीचं सांगितलं.

"फोटो काढलाय का?" त्यांनी विचारलं.

"व्हय. माझ्याच पोरीनं काढला."

"म्हणजे उद्या दाखवतील, दोन्ही घरांचा समेट झाला म्हणून. हे बघा सारिकाताई, फोटोमुळे केस जात नाही. येसूबाई मागे हटल्या तर मात्र जाते. विक्कीवर खटला चालेल, आणि खरा चालवणारा राहील बाजूला. सोमवारी तपासाच्या मॅडम त्यांचा जबाब घ्यायला येणार आहेत, त्यांच्याकडेच, कारण बाईमाणसाला जबाबासाठी चौकीत यायची सक्ती करता येत नाही. त्यानंतर कागद कोर्टात जातील. त्या सोमवारी बोलल्या पाहिजेत."

"बोलतील की. पयल्यापास्नं बोलत्यातच."

"आणि एक लक्षात ठेवा. साक्ष होईपर्यंत त्यांना काही द्यायचं नाही. साडी नको, घरी जेवण नको, नारळसुद्धा नको. समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल, की तुम्हाला काय मिळालं."

मी हो म्हटलं. आमच्याकडे द्यायला होतं तरी काय, असं मनात आलं.

दुपारी मी येसूबाईकडे गेले. ती कणसाला मीठ-लिंबू चोळत होती. मी आलेली कळूनही तिनं मान वर केली नाही.

"मावशी, सोमवारी मॅडम येनार हायती. जे पाह्यलं ते सांगा, बस."

"कशाला? मिटलं की तुमचं."

"कुनी सांगितलं?"

"त्यो ड्रायव्हर आलता. फोटू दावला. तुजी सासू वटी भरतीया, आन् त्या बाईच्या पदरात नारळ." तिनं कणीस शेगडीवर आपटलं. "वटी भरल्यावं वैर ऱ्हात न्हाई, सारिका. तुमी दोन घरं येक झाला. मी मदी कशापायी तोंड काळं करू?"

"मावशी, आत्याबाईंना ठावंच नव्हतं ती कोन ते."

"आसंल. पर वटी भरली न्हवं?"

एवढं बोलून ती गाडीवाल्यांकडे वळली. "कनीस! गरम कनीस!" असं ओरडली. तिचा आवाज म्हणजे बारा गाड्यांच्या इंजिनांवर मात करणारा. मी परत फिरले. एवढ्या मोठ्या केसचा सगळा भार या एका बाईच्या जिभेवर होता, आणि ती जीभ आता आमच्यावर रुसली होती.

घरी येऊन मी आदळआपट केली. सत्यम म्हणाला, "जाऊ दे ना. त्ये पोरगं तरी काय, लहानच हाय."

"मंग सृष्टी कोन? म्हातारी हाय?"

"माजा पाय तर काय कोर्ट परत लावनार न्हाई."

"तुमच्या पायासाटी न्हाई चाललंय ह्ये. काल आपल्या आंगनात त्यानं पोरीवं गाडी घातली व्हती. आंगनात! आपुन गप बसलो तर ती गाडी कुटं थांबल?"

सत्यमनं तोंड भिंतीकडे केलं. तो भित्रा नाही. पण इतके दिवस खाटेवर पडलेल्या माणसाला भांडणाचा आवाजसुद्धा सोसत नाही. मला त्याची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यावर मी भांडी घासायला बसले.

आत्याबाई चुलीपुढे बसून म्हणाल्या, "उद्या मी येती तुज्यासंगं. माज्या हातनं झालंय, मीच जाऊन सांगती."

रविवारी सकाळी आम्ही दोघी गेलो. रस्ता गाड्यांनी भरून गेला होता. आम्ही कडेनं चालत होतो, आत्याबाई पुढं, मी मागं, आणि प्रत्येक गाडी जाताना त्यांचा पदर फडफडायचा. मला सारखं वाटत होतं, त्यांना धरून आत ओढावं. त्यांच्या काखेत एक पिशवी होती. तिच्यात काय आहे ते मी विचारलं नाही. चूक तीच झाली.

येसूबाईनं आत्याबाईंना बसायला रिकामा डबा पालथा करून दिला. आत्याबाई बसल्या नाहीत.

"येसू, माजं चुकलं गं. मला म्हाईत नव्हतं."

"म्हाईत नव्हतं त्याचं काय न्हाई वं," येसूबाई म्हणाली. आज ती ओरडत नव्हती, आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. "मला वायलंच लागलंय. तुमच्या पोराचं डोस्कं मांडीवं घिऊन मी तळेगावला गेले. वाटंत त्यो आई आई करत व्हता, तवा मीच म्हनत हुते, हाय रं बाबा, हितंच हाय. माजं लुगडं धुतलं तरी डाग गेला न्हाई. तुमच्या घरनं कुनी आलं? येसू, ये गं, घोटभर च्या पी, म्हनलं?"

आत्याबाईंनी काखेतली पिशवी छातीशी धरली.

"मला कुकू न्हाई. शुक्कुरवारी तुमच्या उंबऱ्यात मी चालायची न्हाई, त्ये मला ठावं हाय. मी कुटं मागतीया मान? पर जिच्या पोरानं तुमच्या पोराला रस्त्यावं टाकलं तिच्या वटीत नारळ घातला, आन् उचलला जिनं ती बाहीर. ह्ये मला फोटूत बगाया लागलं."

मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. ती खोटं काय बोलत होती? हॉस्पिटलच्या धावपळीत तिला भेटायचं राहून गेलं असं मी स्वतःला सांगत आले होते. पण कामाला जाताना रोज तिच्या पालावरूनच जात होते की मी. साक्षीची गरज लागली तेव्हा बरी मला तिची वाट सापडली.

आत्याबाईंनी पिशवीत हात घातला आणि नारळ काढला. हिरवा खण काढला. ओल्या डोळ्यांनी त्या म्हणाल्या, "पदर कर, येसू. मला कुनी काय बी म्हनू दे."

येसूबाई बघतच राहिली. तिचा हात नकळत पदराकडे गेला. आणि मी आत्याबाईंचं मनगट धरलं.

"आत्याबाई, न्हाई. आत्ता न्हाई."

"सोड हात."

"आत्याबाई, ऐका. प्रेरणाताईंनी सांगितलंय. साक्षीच्या आधी ह्येंना काय बी दिलं तर कोर्टात म्हनतील, साक्ष इकत घेतली. नारळ बी चालायचा न्हाई."

आजूबाजूला कणसं खाणारे लोक बघायला लागले होते. येसूबाईनं पदर परत खोचला. मग ती हसली, आणि ते हसू बघवत नव्हतं.

"म्हंजी आता बी न्हाईच. त्या बाईला न बगता दिला, आन् मला कायदा काडून न्हाई."

"मावशी, साक्ष झाली की मी सोता..."

"जावा तुमी. माजं गिऱ्हाईक खोळंबलंय."

आम्ही नारळ पिशवीत घालून परत आलो. घरात आल्यावर आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "तुजा कायदा लय वंगाळ हाय." मलाही त्या घडीला तसंच वाटत होतं. कायद्यानं वागावं तर येसूबाई जाते, आणि येसूबाईच्या मनासारखं वागावं तर तिची साक्ष जाते.

संध्याकाळी सत्यमची औषधं आणायला मी कामशेतला निघाले. वळणावर पांढरी गाडी उभी होती. पालात, आत्याबाईंसाठी पालथ्या घातलेल्या त्याच डब्यावर, रजनीबाई बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी. त्या पुढं वाकून काहीतरी सांगत होत्या आणि येसूबाई शेगडीला वारा घालत ऐकत होती. मला तिथं थांबता येईना, पुढंही जाता येईना. शेवटी मान खाली घालून मी चालत राहिले. परत आले तेव्हा गाडी गेली होती आणि येसूबाईनं पाल बांधून टाकलं होतं.

ती रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. प्रेरणाताईंना फोन करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आता आपल्या हातात काही नाही. जबाब चालू असताना तुम्ही दोघी त्यांच्या जवळपासही उभ्या राहू नका."

सोमवारी मी कामावर गेले नाही. सृष्टीला मी म्हटलं, "आज टमटमनं जा." तिनं ऐकलं नाही. पिवळं जाकीट घातलं, सायकल काढली आणि म्हणाली, "आई, मंग रोजच टमटमनं जाऊ का? कदीपत्तर?" आणि ती गेली.

आत्याबाई आणि मी वळणाच्या अलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, जांभळीखाली जाऊन उभ्या राहिलो. पाल दिसत होतं. पोलिसांची जीप आली. मॅडम उतरल्या, बरोबर एक शिपाई आणि लॅपटॉपवर लिहून घेणारा माणूस. येसूबाईनं त्यांना बसायला दिलं. मॅडमनी तोंडाला लावलेला रुमाल काढला आणि काहीतरी विचारलं. मॅडमचं बोलणं आम्हाला ऐकू येत नव्हतं. येसूबाई मात्र सवयीप्रमाणे, कणसं विकताना बोलते तशीच, गाड्यांच्या वरताण बोलत होती.

"व्हय, मी हितंच हुते. शेगडी पेटवत हुते."

मॅडमनी काहीतरी विचारलं. मधून दुधाचा टँकर गेला. आत्याबाईंनी माझा दंड पकडला.

"दिवा? व्हता की. तांबडा, लुकलुक करनारा. मला लांबनं दिसला, मंग गाडीवाल्याला न दिसाया काय झालं?"

परत प्रश्न. आता तोच, मला कळलं. मॅडम पुढं झुकल्या होत्या. येसूबाईनं शेगडीतला कोळसा चिमट्यानं हलवला, एकदा, मग परत. पाच-सहा गाड्या आमच्या मधून गेल्या आणि प्रत्येक गाडीनंतर मला वाटलं, आता ती म्हणणार, मला काय दिसलं न्हाई.

"पोरगं चालवत हुतं," येसूबाई म्हणाली. "कालच्या बाईचं पोरगं. ड्रायव्हर शेजारी व्हता. मागनं त्यांनी जागा बदलली, माज्या डोळ्यादेखत."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आत्याबाई "काय म्हनली? काय म्हनली?" विचारत होत्या आणि मी मान डोलवून हो, हो करत होते.

मॅडमनी आणखी काही विचारलं.

"न्हाई, कुनाकडनं काय घेतलं न्हाई. काल ती बाई साडी घिऊन आलती. म्या म्हनलं, तुज्या पोराला गाडीवनं खाली उतरव, मंग माज्याकडं ये. साडी तिच्या गाडीत टाकली परत."

मग मॅडमनी मान वळवून आमच्या दिशेनं, जांभळीकडे पाहिलं. त्यांनी आम्हाला पाहिलं होतं. बोटानं दाखवून त्यांनी विचारलं. येसूबाईनंही वळून पाहिलं. तिची आणि आत्याबाईंची नजर रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकमेकींना भिडली.

"ह्या?" ती म्हणाली. "मी कुनी लागत न्हाई ह्यांची. मला ह्यांच्यात कुनी बोलावत बी न्हाई. लिवा तसं. म्हनून तर माजं खरं धरा."

माणूस लिहून घेऊ लागला. हेच हवं होतं, वकिलाला, कोर्टाला, आम्हाला. यापेक्षा पक्की साक्ष कुणी देऊ शकलं नसतं.

आत्याबाई रस्ता ओलांडायला निघाल्या. मी त्यांना मागे ओढलं. समोरून गाडी येत होती, आणि जबाबही अजून चालू होता.

"कदी संपंल गं ही साक्ष?" त्यांनी विचारलं.

कोर्टात येसूबाईला उभं करेपर्यंत वर्षं जातील, असं प्रेरणाताई म्हणाल्या होत्या. आत्याबाईंचं वय मला माहीत होतं आणि येसूबाईचंही.

"संपंल," मी म्हटलं, आणि त्यांचा हात सोडला नाही.